पुठ्ठ्याचा किल्ला

"तो बुरूज वाकडा झालाय," शिपाईमामा शिडीवरून म्हणाले.

"असू दे. पडला नाही म्हणजे मिळवली," म्हणत बाईंनी निळ्या दोरीला लटकणारा चष्मा नाकावर चढवला.

दुपारी पालक बघायला येणार होते, म्हणून वर्गाचा किल्ला होत होता. भिंतींवर राखाडी पुठ्ठ्याचे दगड, दाराशी साखळीचा पूल, खुंट्यांवर चंदेरी कागदाच्या ढाली. जुन्या काळचे चिलखतवाले सरदार इथे नांदणार होते. आठवडाभर बाईंच्या हातातली कात्री थांबली नव्हती. हौस कसली, पाणी गळ्याशी आलं होतं. निम्मी बाकं रिकामी. एकेक पालक येई आणि मान खाली घालून म्हणे, "आमच्या मुलाला शेजारच्या वर्गात घाला." शेवटी मोठ्या बाईंनी बजावलं, "आता एक जरी मूल गेलं, तरी हा वर्ग तुमच्याकडे राहणार नाही."

आणि वर्गाशिवाय बाईंना होतं कोण? घरी कुलूप. जीव होता तो या मुलांत.

"शेजारची गोळ्या वाटते. गुळाला मुंगळे लागायचेच," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे शिस्त आहे. कमरेच्या किल्ल्या वाजल्या की टाचणी पडलेली ऐकू येते."

मामांनी नुसता खिळा ठोकला.

कोपऱ्यातल्या पडद्यामागे मुलं ड्रॅगन रंगवत होती.

"सांगितलंय, सगळ्यांना ज्याची भीती वाटते त्याचाच ड्रॅगन करा. मिळून एकच," बाई म्हणाल्या.

"काय काढतील?"

"काय काढणार? अंधार, नाहीतर कोपऱ्यावरचं कुत्रं. पोरंच ती."

खुसफुस वाढली तशा बाई तिकडे निघाल्या. किल्ल्या वाजल्या आणि पडद्यामागे चिडीचूप झालं. मान ठेवतात लेकरं, बाईंना भरून आलं. "मी बघत नाही हो," त्या बाहेरूनच म्हणाल्या. पडद्याची दोरी बांधायला मामा तेवढे आत गेले. बाहेर आले ते खाली बघतच.

दुपारी पालक आले, मोठ्या बाई आल्या.

"एवढं सगळं एकटीने केलंत?" मोठ्या बाईंचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. एक आई बुरुजाकडे बघून हसलीसुद्धा. बाईंना वाटलं, वाचले. वर्ग राहतो आपला.

मुलं ढाली छातीशी धरून रांगेत उभी राहिली. हसत कुणीच नव्हतं.

"चला माझ्या सरदारांनो, कुणाशी लढायचंय ते दाखवा सगळ्यांना. मामा, दोरी ओढा."

"बाई, पडदा राहू द्या ना," मामा हळूच म्हणाले. "रंग ओला आहे अजून."

"काहीतरीच काय. ओढा हो."

मामांनी दोरी ओढली. हिरव्यागार ड्रॅगनच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, आणि नाकावर निळ्या दोरीचा चष्मा.