राज्याभिषेकाची चाल

"आवाज काढायचा नाही, काका. एक फुंकसुद्धा नाही. फक्त गाल फुगवायचे," अनिमेष म्हणाला.

बिभीषण बँडमास्तरला आधी वाटलं, आपल्याच कानात मळ साचलाय. होटगी रोडवरच्या लॉनवर, भर दुपारच्या उन्हात, त्याची बारा माणसं मखमली कोट आणि पांढऱ्या केसांचे टोप घालून घामाघूम उभी होती. निम्म्यांच्या हातात भाड्याची व्हायोलिनं दिलेली, तीही बिनतारांची. आणि हा इव्हेंटवाला सांगतो, गाल फुगवा!

"मग वाजवनार कोन?"

"स्पीकर. परदेशातला ऑर्केस्ट्रा आहे, शंभर जणांचा. बापूसाहेबांची रॉयल एंट्री आहे, रिस्क नको."

"अवो, पर आमाला येतीया की ती चाल! म्हैनाभर घासलीया."

"काका, प्लीज." अनिमेष फोन कानाला लावून निघूनही गेला.

गोऱ्या साहेबाच्या देशात राजाला मुकुट घालताना वाजवायची ती चाल. बिभीषणचा आजा सयाजी हा संस्थानच्या बँडात होता, त्यानं ती वहीत उतरवून ठेवली होती. बिभीषणचा जन्म वरातीत नागिणीची धून वाजवण्यात गेला, ही चाल कुणी कधी मागितलीच नाही. आणि येत्या सोमवारी डॉक्टर त्याचे पुढचे दोन्ही दात काढणार होता. पुढचे दात गेले की ट्रंपेट गेला, ओठ टेकवायचा कशावर? म्हणून तर याच चालीची सुपारी आली तेव्हा म्हातारा पोरासारखा नाचला होता. दात पडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ती चाल चारचौघांत वाजवायची होती त्याला.

वहीच्या त्या पानावर आज्यानं वर लिहिलं होतं, 'राजानं उभं राहून रयतेला हात जोडल्याबिगर पहिला सूर काढू नये.' संस्थानात तशी रीतच होती म्हणे.

स्पीकर दणाणला. बापूसाहेब आले. डोक्यावर मुकुट, अंगावर जरीचा झगा, पायात पांढरे बूट. पंचावन्नावा वाढदिवस. पाचशे माणसं उठून उभी राहिली. बापूसाहेबांनी कुणाकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ जाऊन सिंहासनावर तंगड्या पसरून बसले. सिंहासन मंडपवाल्याचं, कालच त्यावर कुठलीतरी नवरी बसून गेली असेल.

सिंहासनाच्या बाजूला निंगव्वा उभी होती. अक्कलकोटकडची सत्तरीची बाई. थीम राजवाड्याची, म्हणून तिला नऊवारी नेसवून हातात पितळेची पिकदाणी दिली होती. सकाळी नऊपासून ती तशीच उभी, बसायचं नाही म्हणून ताकीद.

बापूसाहेबांच्या तोंडात मावा. त्यांनी मान अर्धीच वळवली आणि न बघता पिचकारी मारली. निम्मी पिकदाणीत गेली, निम्मी निंगव्वाच्या मनगटावर. लाल ओघळ कोपरापर्यंत आला. तिनं मुकाट्यानं पदराला हात पुसला. बापूसाहेब फोटोग्राफरकडं बघून हसत राहिले. फोटोग्राफरनं कॅमेरा जरा डावीकडं घेतला, म्हातारी फोटोत येऊ नये म्हणून.

शी! बिभीषणचे फुगवलेले गाल आपोआप बसले.

आणि तेवढ्यात जनरेटर खोकला, दोनदा गुरगुरला नि बंद पडला. शंभर जणांचा ऑर्केस्ट्रा ऐन रंगात येऊन गप्प झाला.

अनिमेष धावत आला. "वाजवा काका! आता खरं वाजवा!"

बारा जणांनी बिभीषणकडं पाहिलं. माउथपीस ओठाला, बोटं चाव्यांवर. पहिला सूर अगदी ओठाशी आलेला. आयुष्यभर वाट बघितली ती हीच घडी, आणि पुन्हा काही ती यायची नव्हती. त्यानं सिंहासनाकडं पाहिलं. उठतोय का? जोडतोय का हात?

"ए बँडवाल्या!" बापूसाहेब बसल्या जागेवरून ओरडले. "झोपला का काय? फुंक की!" आणि पुन्हा पिचकारी. निंगव्वानं या वेळी डोळे मिटून घेतले.

बिभीषणनं गाल फुगवले. बोटं चालू लागली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळी चाल त्यानं बोटांनी वाजवली, एकही फुंक न घालता. मागं त्याची माणसं तशीच, निम्मी गाल फुगवत, निम्मी बिनतारांच्या व्हायोलिनांवर गज ओढत राहिली. पाचशे माणसं माना उंचावून बघत होती. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू पुढं पुढं येत गेलं.

"काका, काय चालवलंय हे!" अनिमेष रडकुंडीला आला.

बिभीषणनं ट्रंपेट ओठावरून काढला. "तुमीच म्हनला की. एक फुंकसुदिक न्हाय."

बापूसाहेबांचं तोंड लालभडक झालं. माणसं धावली, जनरेटर सुरू झाला, ऑर्केस्ट्रा राहिला होता तिथून गरजू लागला, केक आला. बँडला लॉनबाहेर काढायचा हुकूम सुटला.

जाता जाता बिभीषण निंगव्वापाशी थांबला. डोक्यावरचा पांढरा टोप काढून तिच्या हातात दिला. "मावशी, हात पुसा ह्येला."

मग सवयीनं त्यानं ट्रंपेट उलटा केला आणि खालची चावी दाबली. वाजवून झालं की आत साचलेलं पाणी झटकायचं, चाळीस वर्षांची सवय ती. त्यानं दोनदा झटकलं. थेंब पडला नाही.

तोंडात मात्र थुंकी दाटली होती. निंगव्वाच्या ते ध्यानात आलं. दिवसभराच्या सवयीनं तिनं पिकदाणी पुढं केली.

"त्यात न्हाय, मावशी," म्हणत बिभीषणनं ती हळूच बाजूला सारली आणि सिंहासनाकडं जाणाऱ्या लाल गालिच्यावर पचकन थुंकला.