मोरीतले काका

चिटणीसकाका जाऊन तीन महिने झाले होते, पण मोरी काही ते मानायला तयार नव्हती.

सांडपाण्यात उतरलेल्या औषधांच्या अंशांवरून सोसायटीतलं यंत्र घरटी माणसं मोजायचं आणि नळाला तेवढंच पाणी सोडायचं. त्याच्या मोजणीत काका अजून हजर! हे यंत्र बसवणाऱ्या तिघाजणांच्या पाणी-सल्लागार कंपनीतली सुनेत्रा चक्रावून काकूंकडे आली, तर आठच्या ठोक्याला काकूंनी काकांची गोळी फुलपात्रात विरघळवली आणि मोरीत ओतली.

"काकू, हे काय?"

"सवय गं. आता यंत्रातून नाव काढून टाकणार का त्यांचं?"

सुनेत्राने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"काकांची तब्येत उत्तम. औषध अगदी वेळेवर, यंत्र म्हणतंय."

फुलपात्र विसळता विसळता काकू हसल्या.

"जिवंतपणी एकदा तरी वेळेवर घेतलं असेल तर शपथ!"