कागदाचा पाय

ओझेला रस्ता ओलांडून सरळ थॅक्स्टनच्या बुटांच्या दुकानाकडे निघाली. हातात घडी केलेला कागद. लपवलासुद्धा नाही तिनं.

समोरच्या फुटपाथवर चर्चच्या बायका पोरं घेऊन, पाट्या धरून उभ्या होत्या. ‘इथे खरेदी करू नका.’ सगळ्यांत पुढे मिनर्वा. चर्चमध्ये गाताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. तोच तिनं आता लावला.

“ओझेला, कुठं निघालीस गं?”

“बूट घ्यायला. ईस्टर आलाय.”

“ईस्टर आम्हालाही आलाय. आमची पोरं फाटक्या बुटात पुठ्ठा घालून फिरतायत, ती काय हौस म्हणून?”

“तुझी पोरं, तुझा पुठ्ठा,” ओझेला म्हणाली आणि चालत राहिली.

“फितूर,” मिनर्वा म्हणाली. मग सगळ्याच म्हणायला लागल्या.

अमेरिकेतल्या अख्ख्या मिसिसिपी राज्यात तेव्हा हीच रीत. काळ्या माणसानं दुकानातल्या बुटात पाय घालायचा नाही, दुकानातली हॅट डोक्यावर ठेवायची नाही. घरी कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिलीनं भोवती रेघ मारायची, तो कागद दुकानात न्यायचा. मालक कागद बुटाला लावून बघणार. बूट चावला तर तुमचं नशीब, परत घेणार नाहीत. गोऱ्या बाईचं कुत्रं मात्र तिथल्या खुर्चीत खुशाल झोपायचं.

जानेवारीत चर्चमध्ये ठरलं. खुर्चीत बसवून, बूट घालून बघू देत नाहीत तोवर थॅक्स्टनकडून एक नाडीही घ्यायची नाही. सगळे टिकले होते. पण ईस्टर तोंडावर आला तसा काही बायकांचा धीर सुटायला लागला होता. एक जरी आत गेली तरी तिच्यामागून अर्धी वस्ती जाणार आणि सगळी मेहनत पाण्यात. थॅक्स्टन त्याचीच वाट बघत होता.

“तुझी आजी गुलाम होती,” मिनर्वा मागून ओरडली. “मालक तिचा पाय काठीनं मोजायचा. सुटून शंभर वर्षं झाली आणि तू कागद घेऊन चाललीस. मोठीच प्रगती केलीस बाई.”

कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. ओझेलानं मागं बघितलं नाही. दाराची घंटी वाजली.

थॅक्स्टन गल्ल्यामागून जवळजवळ पळतच आला. “ये, ओझेला, ये. तुला तरी अक्कल आहे. आण तो कागद.”

ओझेलानं कागद दिला नाही. “मिस्टर थॅक्स्टन, मागचे बूट चावले. कागदाचा पाय सुजत नाही, माझा सुजतो. दिवसभर उभं राहून लोकांचे कपडे इस्त्री करते. यंदा घालून बघेन म्हणते. नसेल जमत तर राहू दे.”

“तसं चालत नाही, तुला माहितीये.”

“बरं.” ती दाराकडे वळली.

काचेबाहेर सगळा फुटपाथ डोळे लावून होता. ही रिकाम्या हातानं बाहेर गेली तर मिनर्वा नाचणार. खोकं घेऊन गेली तर त्यांचा खेळ खलास. थॅक्स्टननं फळ्यांकडे बघितलं. ईस्टरचा माल छताला टेकला होता.

“थांब. मागच्या खोलीत बस. कुणी बघणार नाही.”

“तिथं अंधार आहे. मला रंग कळत नाही,” म्हणत ओझेला खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीसुद्धा.

त्यानं बूट आणून तिच्यापुढे ठेवला. “घाल.”

“कंबर वाकत नाही हो.”

थॅक्स्टननं दात आवळले. मग मेन स्ट्रीटवरच्या त्या काचेच्या खिडकीत तो गुडघ्यावर बसला, तिची टाच हातात धरली आणि बूट चढवला.

बाहेर उंचावलेल्या पाट्या खाली आल्या.

“घट्ट आहे,” ओझेला म्हणाली.

त्यानं दुसरा आणला.

“काळा नको. मयताला निघाल्यासारखं वाटतं.”

तिसरा. चौथा. त्याच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला. बाहेर मिनर्वा पुन्हा सुरू झाली होती, काचेतूनही ऐकू येत होतं.

“हा बसला,” ओझेला शेवटी म्हणाली. “पण बाहेर गेले की या बायका मला फाडून खातील. तुम्हीच सांगा ना त्यांना. इथं बसून बघता येतं म्हटल्यावर त्याही येतील. पाट्याबिट्या टाकून.”

थॅक्स्टन थांबला. विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं दार उघडलं.

“बाहेर कशाला उन्हात उभ्या राहता? या आत. माझ्या दुकानात कुणीही खुर्चीत बसून बूट घालून बघावा. गोरं असो, काळं असो.”

“आजच्यापुरतं?” मागून एकीनं विचारलं.

“आज, उद्या, कायम.” मग ओझेलाकडे वळून हळूच, “आता बघ. तुझी ती मिनर्वा एकटी पडते की नाही.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक पाटी भिंतीला टेकली. मग दुसरी. बघता बघता सगळ्या खुर्च्या भरल्या. पुठ्ठे काढलेली पोरं गालिच्यावर पाय आपटत फिरायला लागली. एक गोरी बाई आत आली, नाक मुरडून उभी राहिली. थॅक्स्टन खोकी घेऊन धावता धावता म्हणाला, “जरा थांबा बाई, खुर्ची रिकामी नाही.”

मिनर्वा सगळ्यांत शेवटी आली.

“आलीस? हरलीस ना?” थॅक्स्टन खूश होऊन म्हणाला.

ती ओझेलाच्या शेजारी बसली, पाय पुढे केला. तो तिच्या मापाचं खोकं आणायला गेल्यावर तिनं ओझेलाच्या कानाला तोंड लावलं.

“पुढच्या आठवड्यात हॅटवाल्याकडे फितूर मी होणार हं. माझा घसा बसलाय. शिव्या तू घाल.”