धुपाटण्यावरचा देव

नाक आतून पोकळ होतं आणि चारी बाजूंनी बंद. रत्नम्माला ते बघताक्षणी कळलं. भट्टीत आतली हवा तापणार आणि धुपाटण्यावरचा देवाचा चेहरा फुटून जाणार. तिनं ते तसंच वाळू दिलं.

धुपाटणं तिच्या धाकट्या जावेनं, उज्वलानं केलं होतं. लातूरला मातीकामाचं प्रदर्शन भरवणाऱ्या मंजुश्री मॅडमनी फोटो दाखवला होता. सातासमुद्रापार माया नावाचे लोक होते, त्यांचं हे हजारेक वर्षांपूर्वीचं धुपाटणं. पुढं देवाचा चेहरा, कानात चकत्या, डोक्यावर पिसांचा टोप. उज्वलानं ते हुबेहूब उतरवलं. लातूरच्या प्रदर्शनात ते मधोमध मांडायचं ठरलं. तेव्हापासून निलंग्यातली अर्धी गल्ली बघून गेली. रत्नम्मा तीस वर्षं धुपाटणी घडवत होती. तिची धुपाटणी घरोघरी होती, पण बघायला कधी कुणी आलं नव्हतं. तिचा नुसता जळफळाट चालला होता. फुटू दे, बया जरा जमिनीवर येईल.

दुपारी भट्टी रचताना उज्वला म्हणाली, "अक्का, माझं तुमच्या हातानंच ठिवा. मला लई भ्या वाटतंय."

मेली विश्वास ठेवते, याचाच रत्नम्माला जास्त राग आला; आता फुटू देणंही जमेना. उज्वला गोवऱ्या आणायला वळली. रत्नम्मानं दाभण फिरवत देवाच्या नाकाला दोन भोकं पाडली. रागाच्या भरात भोकं धुपाटण्याच्या पोटापर्यंत आरपार गेली. भट्टी उघडल्यावरही तिनंच ते काढलं, चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन लातूरला नेलं.

प्रदर्शनात मॅडमनी निखाऱ्यावर ऊद टाकून झाकण ठेवलं. देवाच्या दोन्ही नाकपुड्यांतून धूर निघाला. टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले.

"फोटोत हे नव्हतं! कल्पना कुणाची?" मॅडमनी विचारलं.

उज्वला गोंधळून नाकाकडे बघत राहिली.

"माझी हाय," मागून रत्नम्मा म्हणाली. "म्या पाडली भोकं. न्हाईतर भट्टीतच फुटलं असतं."

सगळे मोबाईल तिच्याकडे वळले. मॅडमनी तिला पुढं ओढलं, नाव विचारलं, गाव विचारलं. रत्नम्मानं मान वळवून जावेकडे बघितलं. उज्वला टाळ्या वाजवत होती. ओठ हसत होते, डोळे जळत होते.

रत्नम्मानं तो चेहरा लगेच ओळखला. गेला महिनाभर ती आरशात रोज तोच बघत होती.