खिळ्यावरची चिठ्ठी

इस्त्रीवाल्याला एक सवय होती. इस्त्री झाली की शर्टाचा खिसा चाचपायचा. कागद निघाला तर न उघडता खिळ्याला टोचायचा आणि गिऱ्हाईक आलं की द्यायचा.

त्याच्या धाकट्या बहिणीचा एका गिऱ्हाइकावर जीव जडला, तेव्हा तो भडकला. "तू मेलीस म्हणून सांगेन त्याला," म्हणाला, आणि तिला मावशीकडे धाडलं.

दुसऱ्या दिवशी तो तरुण पांढरा शर्ट न्यायला आला. इस्त्रीवाल्याने बोलल्याप्रमाणे सांगितलं. शर्ट तिथेच टाकून तरुण गेला आणि त्याने पुलावरून उडी घेतली. चौथ्या दिवशी, तिथूनच, बहिणीने.

मग त्या शर्टाच्या खिशातून काढून खिळ्याला टोचलेली, द्यायची राहून गेलेली चिठ्ठी त्याने उघडली. अक्षर बहिणीचं. "दादा मी मेले म्हणून सांगेल. खरं मानू नकोस. पुलाखाली थांब."

तो शर्ट अजून दुकानात टांगलेला आहे. रोज सकाळी त्याच्या खिशातून तीच चिठ्ठी निघते. शाई ओली असते. इस्त्रीवाला ती खिळ्याला टोचतो.

"अहो, एकदा राहू द्या ना ती खिशातच," काल बायको काकुळतीने म्हणाली.

त्याने राहू दिली.

आज सकाळी खिसा रिकामा होता. शर्टातून मात्र पाणी ठिबकत होतं, गढूळ, नदीचं.

"पोचली बिचारीची चिठ्ठी," बायको म्हणाली.

त्याने सुस्कारा सोडला आणि सवयीने स्वतःचा खिसा चाचपला. कागद निघाला.

"दादा, तो भेटला. आम्ही दोघं पुलाखाली थांबलोय. आता तू ये."