तबकडीचा पहिला दणका

अंतरपाट धरलेला, चार मंगलाष्टकं म्हणून झालेली, आणि नवरदेवाचे वडील पंजाबराव अडून बसले. "पह्यले सायकल, मंग अक्षता."

खामगावहून ग्रामोफोन आणि भोंगा घेऊन आलेल्या कडूबाजवळ नवरीची आई गोजरबाई आली. मुंबईच्या भावाने आणलेली इंग्रजी गाण्याची तबकडी तिने त्याच्या हातात दिली. "हे लाव."

"आत्ता, मावशी?"

"आत्ताच."

कडूबाला काही उमगेना, पण त्याने सुई टेकवली. गाण्याच्या आरंभीच ढोलाचा असा दणका उठला, की मांडवाबाहेर बसलेल्या बँडवाल्यांना वाटलं, लग्न लागलं. त्यांनी बँड सुरू केला. बँड ऐकताच वऱ्हाडाने सवयीने अक्षता टाकल्या, भटजींनी अंतरपाट ओढला आणि नवरीने हार घातला. पंजाबराव डोक्यावरच्या अक्षता झटकत उभेच राहिले.

कडूबाने घाईघाईने सुई उचलली. "मावशी, माह्या हातून मोठा घोय झाला. आता पुढचं गाणं तरी लावू का?"

"पुढचं मलेबी माहीत नाई," गोजरबाई म्हणाली. "काल घरी भावाच्या ग्रामोफोनवर चार डाव तेवढा दणकाच लावून पाह्यला."