जीवदान

"आम्ही मासे मारत नाही. पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो," असं भावोजी मेव्हण्याला चढणभर ऐकवत होते. डोंगरमाथ्यावरच्या थंडगार तळ्यात त्यांनी गळाला पिसांची नकली माशी लावून एक ट्राउट मासा पकडला.

मेव्हण्याने मोबाइल सरसावला. "भावोजी, पोट आत घ्या."

"घेतलंय!"

"अजून थोडं. अहो, आता डोळे मिटले तुमचे. परत."

भावोजींच्या मुठीत मासा आधी तडफडला, मग नुसता आ करत राहिला, मग तेही थांबलं. मनासारखा फोटो आल्यावर भावोजींनी त्याला अलगद पाण्यात सोडलं. तो उलटा होऊन तिथेच तरंगत राहिला.

 

"बघ," भावोजी गहिवरून म्हणाले, "जायला तयार नाही. लळा लागला बिचाऱ्याला!"